खाण्यातले रंग, पावडरी आणि कॅन्सर: मराठवाड्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि आता परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या बचत गटांबरोबर मसाले, पापड, लोणच्याचं काम करते. बैठक संपली की चहाच्या वेळी प्रश्न सुरू होतात आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ते बहुतेक कॅन्सरवरच येऊन थांबतात. घरटी कुणी ना कुणी आजारी आहे, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. नेहमीचे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

ताई, पाकिटावर ते आयएनएसचे आकडे असतात, ते सगळे कॅन्सरचे असतात का?

नाही. आयएनएस म्हणजे खाण्यात मिसळायच्या पदार्थांना नंबर देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत. आकडा म्हणजे त्या पदार्थाचा नुसता पत्ता. आयएनएस १०० म्हणजे हळदीतलं करक्युमिन, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व आणि ३३० म्हणजे आपण सरबतात, ढोकळ्यात टाकतो ते लिंबूसत. मोबाइलवर आकड्यांच्या याद्या फिरतात त्यात हे तिन्ही ‘विष’ म्हणून लिहिलेले मी पाहिले आहेत. अशा याद्या पुढे पाठवू नका, कारण त्यामुळे माणूस लिंबूसताला घाबरतो आणि ज्याला घाबरायला हवं ते ताटात तसंच राहतं.

पाकिटावर आकडा छापलेला असला म्हणजे निदान आत काय आहे ते सांगितलेलं तरी असतं. माझी खरी काळजी सुट्या मालाची आहे, त्याच्यावर काहीच छापलेलं नसतं.

काय चालेल आणि काय नाही, हे सरकार ठरवतं कसं?

पूर्वी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. मग २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. नियम दिल्लीची एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, करते आणि राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. आपण त्यालाही एफडीएच म्हणतो, त्यामुळे अमेरिकेच्या एफडीएची बातमी वाचून लोकांना वाटतं की आपल्याकडेच काही झालं.

या कायद्याची एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ‘एवढं सोडून बाकी सगळं चालेल’ असं तो म्हणत नाही, ‘यादीत आहे तेवढंच चालेल’ असं म्हणतो. यादीत नाव नाही म्हणजे मनाई. त्या पदार्थानं कॅन्सर होतो हे कुणी सिद्ध करत बसायची गरज नाही. कृत्रिम रंगांच्या यादीत आठच नावं आहेत: पोन्सो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. तेही ठरावीक पदार्थांतच आणि बहुतेक ठिकाणी किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत. हळद, तिखट, मसाला, डाळ यांत आठांपैकी एकही चालत नाही.

मर्यादा काढायची पद्धतही समजून घ्या. जनावरांना रोज किती दिलं तरी काही बिघडत नाही ते आधी पाहतात. तो आकडा सहसा शंभरानं भागतात आणि येईल तेवढंच माणसानं जन्मभर रोज खाल्लं तरी चालेल असं धरतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची एक तज्ज्ञ समिती, जेक्फा, हे काम १९५६ पासून करते आहे. आपल्याकडचे आकडेही पुष्कळदा तिच्याच अभ्यासाला धरून असतात.

‘कदाचित कॅन्सरकारक’ म्हणजे होतो की नाही होत?

हा घोळ जुलै २०२३ मध्ये फार झाला. शुगर-फ्री गोळ्यांतल्या आणि डाएट कोल्ड्रिंकमधल्या अस्पार्टेमला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं ‘कदाचित कॅन्सरकारक’ गटात, म्हणजे २ब मध्ये टाकलं. त्याच दिवशी जेक्फानं सांगितलं की वजनाच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमपर्यंतची जुनी मर्यादा बदलायचं कारण नाही. लोक म्हणाले, हे दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात.

तसं नाही. साप विषारी आहे का, हे आयएआरसी सांगते. तो साप बांधावर आहे की तुमच्या अंथरुणात, हे जेक्फा पाहते. साठ किलोच्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला दिवसाला २४०० मिलिग्रॅम अस्पार्टेम पोटात जावं लागेल. एका डाएट कॅनमध्ये दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतं. म्हणजे आठ ते बारा कॅन, तेही रोज. आमच्या गटातल्या काकू चहात दोन गोळ्या टाकतात, त्यांना मी झोप उडवून घेऊ नका म्हणाले.

आणखी एक. गट म्हणजे पुराव्याची पातळी, धोक्याचा आकार नव्हे. तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस दोन्ही पहिल्या, म्हणजे निश्चित कॅन्सरकारकांच्या गटात आहेत, पण त्यांचा धोका काही सारखा नाही.

अमेरिकेनं लाल रंग बंद केला म्हणे. मग आपल्याकडे कसा चालतो?

तो एरिथ्रोसिन, आयएनएस १२७. अमेरिकेच्या एफडीएनं १५ जानेवारी २०२५ ला त्याची परवानगी काढून घेतली आणि कंपन्यांना अन्नातून तो काढायला जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. नर उंदरांना जास्त मात्रा दिल्यावर थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या. ज्या मार्गानं उंदरांत गाठी होतात तो माणसांत तसा घडत नाही, असंही त्याच एफडीएनं सांगितलं. तरी बंद केला, कारण तिकडच्या कायद्यात १९६० पासून एक कलम आहे: माणसाला किंवा जनावराला ज्या रंगानं कॅन्सर होतो असं दिसलं, त्याला परवानगी द्यायची नाही. आपल्या कायद्यात असं सरसकट कलम नाही, आपण मात्रा पाहतो.

माझं मत विचाराल तर हा रंग आपणही काढावा. त्यानं पोषण होत नाही, चव येत नाही, माल टिकत नाही. ज्याचा उपयोग फक्त डोळ्यांना आहे त्याच्याबाबत थोडीशी शंकासुद्धा पुरेशी मानावी. युरोपनं टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाचं २०२२ मध्ये तेच केलं. ‘सुरक्षित आहे असं आता खात्रीनं म्हणता येत नाही’ एवढ्या निष्कर्षावर त्यांनी तो बंद केला.

पावात कॅन्सर करणारं औषध टाकतात, हे खरं का?

खरं होतं. पोटॅशियम ब्रोमेट. पीठ ताणतं, पाव फुगतो, जाळी छान पडते. भट्टी नीट तापली आणि मात्रा बरोबर असली तर ते भाजताना मोडून जातं. घाई केली किंवा हात सैल पडला तर पावात उरतं. आयएआरसीनं त्याला २ब मध्ये टाकलेलं होतं, युरोपात आधीच बंदी होती, आपल्याकडे मात्र चालू होतं. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले, त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. पुढच्याच महिन्यात एफएसएसएआयनं ब्रोमेट यादीतून काढून टाकलं. मनात आलं तर सरकारी यंत्रणा किती लवकर हलू शकते, ते यात दिसतं.

आता ते बेकायदा आहे. गावातल्या बेकरीवाल्याला तोंडावर विचारा, ‘ब्रोमेट टाकता का?’ विचारणारं गिऱ्हाईक आहे हे त्याला कळू द्या.

जत्रेतले म्हातारीचे केस आणि गाड्यावरचं मंचुरियन लेकरांना द्यावं का?

माळेगावच्या यात्रेत माझ्या भाचीनं म्हातारीचे केस घेतले. खाऊन झाल्यावर तिचे ओठ, बोटं, फ्रॉकची बाही, सगळं गुलाबी. घरी बाही साबणानं दोनदा घासली, उन्हात वाळवली, तरी डाग तसाच. खाण्याचा परवानगी असलेला रंग पाण्यात विरघळतो आणि बराचसा धुऊन जातो. कापडाला असा धरून बसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. डाग म्हणजे पुरावा नव्हे, तपासणी प्रयोगशाळेतच होते. पण भाचीला मी पुन्हा ते घेऊ दिलं नाही.

शंका होती रोडामाइन-बीची. हा कापड आणि कागद रंगवायचा रंग. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू आणि पुद्दुचेरीत म्हातारीच्या केसांत तो सापडला म्हणून तिथे विक्रीच थांबवली. मार्चमध्ये कर्नाटकानंही ते केलं आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग टाकायला बंदी घातली. तिकडे मंचुरियनचे १७१ नमुने घेतले होते, त्यांतल्या १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग निघाले. उदगीरकडून पलीकडे गेलं की कर्नाटकच लागतं. गाडे तसेच आणि बाटल्यांतले सॉसही तसेच. सीमेच्या अलीकडे रंग आपोआप शुद्ध होतो असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

इथे एक खरं सांगायला हवं. रोडामाइन-बीनं माणसाला कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, पुरावा अपुरा म्हणून आयएआरसीनं त्याला ‘ठरवता येत नाही’ या गटात ठेवलं आहे. गाडेवाले हेच पुढे करतात. पण कापडाचा रंग लेकराच्या पोटात का घालायचा, याचं उत्तर देण्याची जबाबदारी घालणाऱ्यावर आहे. यादी याच कामासाठी असते. शिवाय कापडाच्या रंगात शिसं, आर्सेनिक किती उरलं आहे हे कुणी मोजत नाही, कारण तो खाण्यासाठी बनवलेलाच नसतो.

तेव्हा साधी साखर फिरवलेले पांढरे केस मागा. मिळतात.

लग्नात आचारी रंग मागतो. कोणता आणून द्यायचा?

आणून देऊच नका. बुंदी पिवळसर झाली तर पाहुणे उठून जात नाहीत.

द्यायचाच असेल तर हिशेब बघा. किलोला १०० मिलिग्रॅम म्हणजे दहा किलो बुंदीला एक ग्रॅम रंग. सोन्याच्या दुकानात मोजतात तेवढा! आचारी चुलीपाशी उभा राहून पुडी दातानं फाडतो आणि उपडी करतो, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुडीवर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, रंगाचं नाव आणि ‘खाद्य रंग’ असं छापलेलं नसेल तर ती पुडी मांडवात येऊ देऊ नका. किराणा दुकानात बरणीतून कागदात बांधून देतात तो रंग तर अजिबात नको. रांगोळीचा रंगही त्याच फळीवर असतो.

जिलेबीला केशर परवडत नाही हे मलाही कळतं. हळदीची चिमूट टाका.

आपल्याकडे एवढी हळद पिकते, तिच्यातही भेसळ?

वसमत तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत आम्ही तीन ग्लास मांडले. तिन्हींत कोमट पाणी. पहिल्यात एका बाईच्या स्वतःच्या रानातली, घरी शिजवून, वाळवून दळलेली हळद. दुसऱ्यात पाकिटातली, तिसऱ्यात बाजारातली सुटी. एकेक चमचा वरून सोडला आणि ढवळायचं नाही असं बजावलं. दहा मिनिटांत पहिल्या ग्लासात हळद बुडाला बसली, वरचं पाणी नुसतं फिकट पिवळं. दुसऱ्यातही जवळपास तसंच. तिसऱ्यातलं पाणी चमच्यापाशीच भडक झालं होतं आणि बाया निघाल्या तरी भडकच होतं. ज्या बाईनं ती सुटी हळद आणली होती ती काही बोलली नाही. पुडी गुंडाळून तिनं पदराच्या गाठीत बांधली. हळदीच्या गावात राहून ती घरात बाजारची हळद वापरत होती, कारण आपली सगळी मोंढ्यावर गेली होती.

भडक पाणी म्हणजे बहुधा मेटॅनिल यलो, हाही यादीबाहेरचा रंग. दुसरी खूण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येते. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. लाल-गुलाबी रंग आला आणि भरपूर पाणी घातल्यावर गेला तर ती हळदच. पाणी घालूनही गुलाबी राहिला तर मेटॅनिल यलोचा संशय. आम्ल घरात आणू नका, सरांनाच करू द्या.

मला याहून जास्त भीती वाटते ती लेड क्रोमेटची. हळकुंड पिवळंधमक दिसावं म्हणून पॉलिश करताना ते चोळतात. त्यात शिसं आहे, ते लेकरांच्या मेंदूवर जातं, आणि त्यातलं क्रोमियम ज्या प्रकारचं आहे तो प्रकार आयएआरसीच्या पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कॅन्सरकारकांत आहे. घरच्या ग्लासानं याचा छडा खात्रीनं लागत नाही. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं होतं. सरकारनं बाजारात छापे घातले, जागेवरच तपासणी आणि दंड केला, वर्तमानपत्रांतून सांगितलं आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. आपल्यासारखाच देश, आपल्यासारखेच बाजार. तिथे झालं तर वसमत आणि हिंगोलीच्या मोंढ्यात का होऊ नये, हे मी जमेल त्या प्रत्येक अधिकाऱ्याला विचारते.

अजिनोमोटोनं कॅन्सर होतो का?

नाही, तसा पुरावा नाही.

आमच्या मालकाला गुटखा सोडवत नाही. त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

सगळ्यात जास्त संबंध त्याचाच आहे. कायद्याच्या लेखी गुटखा आणि पानमसाला हे ‘अन्न’ आहे. म्हणून तर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून जी बंदी आहे ती अन्न सुरक्षा कायद्याखाली आहे. त्या कायद्याच्या नियमांत कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायला मनाई आहे. पानमसाल्यात मॅग्नेशियम कार्बोनेट सापडलं, हेही बंदीचं एक कारण होतं. बंदी एकेका वर्षाची असते, अन्न सुरक्षा आयुक्त दर वर्षी नवा आदेश काढतात.

नुसती सुपारीसुद्धा आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, तंबाखू नसली तरी. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

माझ्या मामाचं तोंड शेवटी दोन बोटंही उघडत नव्हतं. भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवायचो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात नेलं तेव्हा रांगेत आजूबाजूला बसलेले बहुतेक जण तोंडाचेच रुग्ण होते आणि बरेचसे चाळिशीच्या आतले. त्या काळातही आमच्या गावच्या टपरीवर पुडी मिळत होती, फक्त जरा आतून काढून द्यायचे. बंदी कागदावर कडक आहे, माल शेजारच्या राज्यांतून येतो आणि टपरीवाला म्हणतो, ‘मी नाही विकला तर दुसरा विकेल.’ जेवढा जीव आपण अस्पार्टेमच्या बातमीवर टाकतो त्याच्या चौथाई जरी या पुडीवर टाकला तर घरं वाचतील. मालकांना तोंडाच्या तपासणीला न्या. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यांतलं काही दिसलं तर वाट पाहू नका.

भजे वर्तमानपत्रात बांधून देतात, ते?

त्याला बंदी आहे. शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात. घरून डबा न्या. आणि कढईतलं तेल काळं, चिकट, फेसाळ झालेलं दिसलं तर तिथे खाऊ नका. तळून तळून तेलात जे खराब घटक तयार होतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे.

तक्रार केली तर काही होतं का?

होतं, पण कागद तुमच्या हातात असला तर. मी स्वतः एकदा गुलाबी मिठाईची तोंडी तक्रार केली होती. तीन महिने ‘बघतो’ ऐकलं आणि सोडून दिलं. चूक माझीही होती, बिल नव्हतं, दुकानाचा क्रमांक नव्हता.

म्हणून बिल मागा. नोंदणी किंवा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणं २०२२ पासून सक्तीचं आहे. माल घेतल्याची तारीख लिहून ठेवा, पुडीचा फोटो काढा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. लेखी अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

अन्न सुरक्षा अधिकारी आला तर तो नमुन्याचे चार भाग करतो आणि विश्लेषकानं चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. फार थोड्यांना माहीत आहे, पण कलम ४० प्रमाणे तुम्ही गिऱ्हाईक म्हणून स्वतःही फी भरून नमुना तपासून घेऊ शकता. माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. फक्त तपासून घेणार आहोत हे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. चारजणी मिळून गेलात तर ते सोपं जातं.

माल कमी दर्जाचा निघाला तर पाच लाखांपर्यंत दंड होतो. असुरक्षित अन्नानं मृत्यू झाला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि दहा लाखांहून कमी नाही असा दंड. कॅन्सरच्या बाबतीत मात्र हे कलम लावणं फार कठीण. आज खाल्लेल्या रंगाचा परिणाम वीस वर्षांनी दिसला तर पुरावा कुठून आणायचा? म्हणूनच नमुना आज घ्यायला हवा.

आम्ही रंग टाकत नाही, पण मग आमचं तिखट बाजारात फिकं दिसतं. काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण यात पोटाचा सवाल आहे. लालपणासाठी ब्याडगी मिरची मिसळा, तिखटपणासाठी दुसरी. देठं काढून दळा, देठानं पूड फिकी पडते. मिरची कडक उन्हात आठवडाभर पसरून ठेवू नका, रंग उडतो. पुडी पारदर्शक असेल तर दुकानात सावलीत ठेवायला सांगा. आणि ओलसर, काळी डागाळलेली मिरची स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन येतं, तेही पहिल्या गटातलं.

जिंतूरच्या आठवडी बाजारात आमच्या गटातली एक ताई बसते. शेजारच्या पालावरचं तिखट कुंकवासारखं लाल, तिचं विटकरी. गिऱ्हाईक दोन्हीकडे बघून तिकडे वळायचं. आता तिनं तराजूशेजारी पाण्यानं भरलेले दोन काचेचे ग्लास ठेवले आहेत. कुणी रंगाबद्दल बोललं की ती आपल्या तिखटाची चिमूट एका ग्लासात सोडते आणि म्हणते, ‘दुसऱ्यात तुमच्या पिशवीतलं टाका.’

मागच्या महिन्यात शेजारच्या पालवाल्यानं तिला विचारलं, ‘ताई, तुमची मिरची कुठून येते?’